थांबाकाकूंचे चार तास

थांबाकाकूंशी माझी ओळख भांडणाने झाली. चाचणी केंद्रात रुजू होऊन मला जेमतेम तास झाला होता. कपाटाच्या काचेतून आत डोकावत मी म्हटलं, "पंचेचाळीस अंश दाखवतंय की. करूया सुरू."

त्या स्टुलावर बसून चष्मा पुसत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "पंचेचाळीस हवा झालीय. बाकीच्याचं काय झालंय ते कुठे दिसतंय? थांबा."

"किती वेळ?"

"चार तास."

मला वाटलं, नवी म्हणून फिरकी घेताहेत. पण त्या डबा काढून जेवायलाच बसल्या. मला असा राग आला की विचारू नका, आणि खरं सांगायचं तर तो पुढची दोन वर्षं उतरला नाही. मी इंजिनिअर. त्या शाळा संपवून घड्याळाच्या कारखान्यात भिंगातून चाकं तपासायला लागलेल्या, आणि तो बंद पडल्यावर इकडे आलेल्या. वय पन्नाशीच्या पुढे, उंची बेताची, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. आणि या बाईंच्या होकाराशिवाय केंद्रात एक सेल चार्ज होत नसे. "थांबा" हा शब्द दिवसातून इतक्या वेळा तोंडात यायचा की तेच त्यांचं नाव पडलं. आमचे साहेबसुद्धा फोनवर "विचारतो आमच्या थांबाकाकूंना" असं म्हणायचे, आणि काकू ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

आमचं काम सांगायला सोपं आहे. बॅटरी बनवणारे कारखाने आमच्याकडे सेल पाठवतात. खिशातल्या डायरीएवढे, चपटे, चंदेरी पाकिटात बंद. आम्ही ते कपाटात ठेवतो. कपाट म्हणजे फ्रिजसारखी एक मोठी पेटी. तिच्यात कडाक्याची थंडी किंवा भट्टीसारखी उष्णता हवी तितका वेळ धरून ठेवता येते. मग सेल चार्ज करायचा, रिकामा करायचा, पुन्हा चार्ज करायचा, आणि तो किती फुगला ते मोजायचं. कारण चार्ज होताना लिथियम सेलच्या आतल्या एका पट्टीतून निघून दुसऱ्या पट्टीतल्या ग्राफाइटमध्ये शिरतो, त्याच्या थरांमध्ये जागा करून बसतो आणि ग्राफाइट फुगतं. रिकामा होताना तो बाहेर पडतो आणि ग्राफाइट आकसतं. हे रोजचं. डोळ्यांना दिसत नाही, पण बॅटरीच्या डब्यात त्यासाठी जागा सोडली नाही तर सेल एकमेकांना चेपायला लागतात.

पुस्तकात मी हे सगळं शिकले होते. पण थंडी आणि उष्णतेने काय होतं ते मला खरं कळलं काकूंच्या तोंडून. "थंडीत लिथियम आळशी होतो," त्या सांगायच्या. "आत जायला नको, दाराशीच गर्दी. मग ग्राफाइटच्या कणाची साल फुगते आणि गाभा तसाच राहतो. साल एकीकडे ओढते, गाभा सोडत नाही, शेवटी कण तडकतो. उष्णतेत दारं सताड उघडी. सगळे आतपर्यंत जाऊन ऐसपैस बसतात, ताण सगळीकडे सारखा, तडे कमी. पण म्हणून खूश व्हायचं नाही. उष्णतेत आतलं रसायन पट्टीवर साका धरतं, वायू सोडतं, आणि सूज येते ती पुरती उतरत नाही." हे सगळं त्या चार शब्दांत बसवायच्या: थंडीत तडा, उष्णतेत सूज. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे पाठ करावं लागे. मीही केलं, दात खात.

फुगवटा मोजायला डायल होता, मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डायलची सुई सेलच्या पाठीवर टेकलेली, आणि त्याची वायर संगणकाला जोडलेली; संगणक रेषा काढायचा. आणि डायल धरून ठेवायला होता दादांचा स्टँड.

दादा म्हणजे काकूंचे थोरले भाऊ. आयुष्यभर लेथवर टर्नर. काकूंचे यजमान लवकर गेले, दादांची बायको त्याहून लवकर, आणि उरलेली दोन भावंडं एका दोन खोल्यांच्या घरात एकमेकांवर खेकसत सुखाने राहत होती. आमचा विकतचा स्टँड कपाटातल्या दमटपणाने गंजला तेव्हा दादांनी स्वतः नवा करून दिला. खाली जाड बैठक, वर अॅल्युमिनियमचे तीन खांब, त्यांच्या डोक्यावर डायलची पट्टी. बैठकीच्या खाली, कुणाला दिसणार नाही तिथे, बारीक अक्षरात तारीख कोरलेली. देताना दादा स्वतः आले होते. मी तेव्हा नव्हते, पण त्यांनी काय सांगितलं ते काकूंनी मला निदान पन्नास वेळा ऐकवलं असेल. "अॅल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या दुप्पट वाढतं. पण एकदा पुरतं तापलं की गपगुमान उभं राहतं. याला चार तास द्या, हा तुम्हाला कधी फसवणार नाही. नाही दिलेत तर फसवेल, आणि मग माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत."

म्हणजे ते चार तास असे होते. हवा वीस मिनिटांत तापते, स्टँड तापत नाही. तो तापत असताना चाचणी सुरू केली तर खांब वाढत राहतात आणि डायल वर उचलला जातो. सेल फुगून वर येतोय, डायलही वर सरकतोय, आणि रेषेत फुगवटा आहे त्याहून कमी दिसतो. म्हणून काकू रोज सकाळी सातला येऊन कपाट सुरू करायच्या, नोंदवहीतल्या "कपाट सुरू" या रकान्यात सात लिहायच्या, आणि अकराच्या आधी कुणाला डायलला बोट लावू द्यायच्या नाहीत. एखाद्या कंपनीचा माणूस घाई करायला लागला की म्हणायच्या, "पी हळद नि हो गोरी असं नसतं हो इथे." मोठमोठे पदवीवाले मुकाट बसायचे.

मला ते बसणं सहन होत नसे. मी मनात हिशेब मांडायचे की दीड तासातच काम भागेल, दोन तर डोक्यावरून पाणी. एकदा तसं बोलूनही दाखवलं. काकू म्हणाल्या, "भागेलही. पण दीडला भागतंय म्हटलं की कुणी सव्वाला उरकेल, कुणी पाऊण तासात. मोजणाऱ्याने सवलत घेतली की कुंपणच शेत खातं, पोरी."

आता तो दिवस.

गोदामात माल वाहणाऱ्या गाड्यांसाठी बॅटरी बनवणारी एक कंपनी होती. गोदामं पत्र्याची, उन्हाळ्यात आत भट्टी, म्हणून चाचणी पंचेचाळीस अंशांवर. त्यांचा माणूस सकाळी नऊलाच येऊन बसला होता. त्याला चारची गाडी पकडायची होती आणि पहिल्या चार्जचा आकडा सोबत न्यायचा होता. साहेब बाहेरगावी होते. आणि काकू आल्याच नव्हत्या.

त्या आल्या अकराला, धापा टाकत. दादा न्हाणीघरात घसरले होते. काही विशेष नाही, शेजारच्या ताई बसल्यात त्यांच्यापाशी, असं म्हणत त्यांनी कपाट सुरू केलं, सेल लावला, डायल टेकवला. नोंदवही उघडायला गेल्या आणि फोन वाजला. शेजारच्या ताईच होत्या. दादांना उठता येत नव्हतं, खुब्याचं हाड मोडलं असावं, गाडी बोलावली होती. काकूंचा चेहरा पांढराफटक झाला. त्याही अवस्थेत दारात वळून त्या मला म्हणाल्या, "तीनशिवाय डायल शून्य करू नकोस. चार तास. कळलं?"

"कळलं. तुम्ही जा काकू."

त्या गेल्या. तीनला सुरू करायचं म्हणजे आकडा सहानंतर. कंपनीच्या माणसाने घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, इंजिनिअर तुम्ही आहात ना?" एवढंच म्हणाला. मी त्याच्यावर काही ढकलत नाही. त्याने मला धमकावलं नाही, लाच दिली नाही. फक्त माझ्या मनात दोन वर्षं जे खदखदत होतं तेच नेमकं बोलला, आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी माझी गत झाली. पावणेबाराला मी डायल शून्य केला आणि चार्ज सुरू केला. स्टँडला चार तासांच्या जागी पाऊण तास मिळाला होता.

नोंदवहीत "कपाट सुरू" चा रकाना रिकामा होता. मी तिथे सात लिहिलं. हात सवयीने गेला असं मी पुढे बराच काळ स्वतःला सांगत होते. सवय माझी नव्हतीच. तो रकाना रोज काकू भरायच्या. मी त्यांच्यासारखा सात काढला, मधे आडवी रेघ देऊन.

आकडा आला एकशे अडतीस मायक्रॉन. मर्यादा दीडशेची. माणूस खूश होऊन गाडीला गेला.

दुसऱ्या दिवशी काकू दवाखान्यातून थेट आल्या. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, कपडेही कालचेच. साहेबांनी अहवालाची घाई लावली होती. काकूंनी पेन उचललं आणि मला विचारलं, "थांबलीस ना गं?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी सही केली. रकाना पाहिला नाही. दोन वर्षं मी ज्यांच्यावर चिडत होते त्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शब्दावर विसंबून वरचं न वाचता सही केली. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

सहा महिने काही झालं नाही. मग उन्हाळा आला. कंपनीने आमच्या आकड्यावर भरवसा ठेवून डब्यात बेताची जागा सोडली होती. उष्णतेत सेल फुगले, जागा संपली, एकमेकांवर रेलले. एका गोदामात गाडी बंद पडली म्हणून तिथल्या चालकाने बॅटरीचं झाकण उचकटलं आणि आतून जाळ आला. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र त्याला आजही पुरती मिटता येत नाहीत. त्याला मी पाहिलेलं नाही, पण भाकरी-भाजीचा घास घेताना माझा हात कधी कधी मधेच थांबतो.

चौकशीला बाहेरून एक तपासनीस आले. हुशार माणूस. त्यांनी आमची रेषा टेबलावर पसरली आणि सुरुवातीच्या भागावर पेन टेकवलं. चार्ज सुरू झाल्यावर रेषा वर चढायला हवी, ही आधी जरा खाली उतरली होती. "चार्ज होताना सेल बारीक होत नाही," ते म्हणाले. "म्हणजे डायल वर उचलला गेला. म्हणजे तुमचा स्टँड वाढत होता. किती वेळ तापवता तुम्ही?"

"चार तास," काकू म्हणाल्या.

त्यांनी नोंदवही पाहिली. कपाट सुरू सात, चार्ज सुरू पावणेबारा. "म्हणजे पावणेपाच तास तापूनही हा वाढतच होता. मग हा स्टँड मोजमापाच्या लायकीचा नाही. कुणी केलाय?"

काकूंनी वही स्वतःकडे ओढली. तो सात त्यांनी पहिल्यांदा पाहिला. त्याच्यावर त्यांनी बोट ठेवलं. मग साहेबांना म्हणाल्या, "त्या दिवशी मी अकराला आले होते. दादा पडला त्या दिवशी. हा सात माझा नाही."

"खाली सही कुणाची आहे?" साहेबांनी विचारलं.

"माझी."

साहेब माझ्याकडे वळले. साहेब तसे वाईट नव्हते, पण कंपन्यांपुढे त्यांची नेहमी पाचावर धारण बसलेली असायची. "तू होतीस ना तिथे? काकू किती वाजता आल्या होत्या?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. वर्गात एखाद्या पोराला उत्तर येतंय हे बाईंना ठाऊक असतं आणि त्या वाट बघतात, तशा बघत होत्या.

मी म्हटलं, "आठवत नाही."

झालं. माझ्या त्या दोन शब्दांवर चौकशीच्या अहवालात सगळं ठरलं. स्टँड चार तासांतही स्थिर होत नाही, असं घरगुती उपकरण वापरण्याचा हट्ट मापन सहायक बाईंचा, आणि नोंदींवर न वाचता सही करण्याची त्यांची पद्धत. काकूंना घरी पाठवलं. त्या दिवशी त्यांनी खण रिकामा केला, भिंग घेतलं, डबा घेतला, आणि मला काही म्हणजे काही बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्यांची जागा मिळाली. साहेबांनी स्टँड भंगारात टाकायला सांगितला.

आठवड्याने दादा आले. काठी टेकत, एकेक पायरी चढत, खुब्यात सळई घातलेली. मी खिडकीतून पाहिलं आणि भांडारात जाऊन उभी राहिले. दार लोटलेलं होतं, पण आवाज येत होता. ते साहेबांना एकच गोष्ट मागत होते. "स्टँड एकदा कपाटात ठेवा. डायल लावा. सेल नको, काही नको. चार तास तापू द्या आणि मग रेषा बघा. हलला तर मी माझे हात कापून देईन. मी इथेच बसतो, तुमचं काही खात नाही."

साहेब म्हणाले, आता प्रकरण मिटलंय, नियमात बसत नाही.

"लोक म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं," दादा म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता. "पण साहेब, एका माणसाचा हात भाजलाय. माझ्या कामाने भाजला का, एवढं तरी मला कळू द्या."

मी तेव्हा पाच पावलांवर होते. दार उघडून एक वाक्य बोलायचं होतं. मी रॅकवरच्या खोक्यांवरची नावं वाचत राहिले. काठीचा आवाज पायऱ्यांवरून खाली जाईपर्यंत वाचत राहिले.

पुढची वर्षं कशी गेली ते काय सांगायचं. वेळ मारून नेण्यात मी तरबेज झाले होते. सकाळी सातला यायचे, कपाट सुरू करायचे, चार तास थांबायचे. एक मिनिट कमी नाही. नवे लोक माझ्यावर चिडायचे, आणि मला त्यात एक प्रकारचं बरं वाटायचं. काकूंच्या घराच्या रस्त्याने मी कधी गेले नाही. दर महिन्याला ठरवायचे, या महिन्यात सांगायचं. मग कधी काम निघायचं, कधी ताप यायचा, कधी नुसताच पाय निघायचा नाही.

गेल्या महिन्यात नवा स्टँड आला. परदेशी, तापलं तरी जवळजवळ न वाढणाऱ्या धातूचा, फोमच्या गादीत बाळासारखा निजवलेला. त्याच्यासाठी भांडारात जागा करायला मी सगळ्यात खालचा कप्पा उपसला, आणि जुन्या वायरींच्या मागे फडक्यात गुंडाळलेला दादांचा स्टँड सापडला. भंगारात गेलाच नव्हता. कुणीतरी हळहळून ठेवून दिला असणार. बैठकीखाली ती तारीख तशीच होती.

त्याच दिवशी मी तो कपाटात ठेवला. सेलच्या जागी काचेचा ठोकळा, जो तापून फारसा वाढत नाही. डायल टेकवला. पंचेचाळीस अंश. खुर्ची ओढून समोर बसले. पहिल्या तासात रेषा घसरत होती, भरभर. दुसऱ्या तासात हळू. तिसऱ्यात नावापुरती. चार तास झाले आणि ती सपाट झाली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी बसून होते. रेषा एक मायक्रॉनसुद्धा हलली नाही. मग मी रेषेवर पाऊण तासाच्या खुणेपासून पुढे स्टँड किती वाढला ते मोजलं. बत्तीस मायक्रॉन. एकशे अडतीसमध्ये मिळवले तर एकशे सत्तर. तो सेल नापास होता.

दादा नेमकं हेच मागत होते. एक दिवस, एक कपाट. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. पण रडण्याने कुणाचं काय भलं होतं? दुसऱ्या सकाळी साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. सात मी लिहिला, थांबले नव्हते, आठवत होतं. तसं लिहूनही दिलं. साहेबांनी कागदाची घडी घालून तो खणात टाकला. मग म्हणाले, "आता उकरून काय मिळणार होतं तुला?" आणि मग, "उद्यापासून येऊ नकोस. पुढचं कळवतो."

मी स्टँड पिशवीत घातला, रेषेचा कागद घेतला आणि चालत निघाले. वाटेत छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं होतं. खोटं कशाला बोलू, मनातून जरा फुशारलेही होते. नोकरीवर पाणी सोडून आले होते ना. काकू काय म्हणतील, दादा काय म्हणतील, याची मनात उजळणी चालली होती. दादा बहुतेक आधी स्टँडच हातात घेतील, असं वाटत होतं.

काकूंनी दार उघडलं. केस सगळे पांढरे, चष्म्याच्या काडीला तीच तार. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. आत ये म्हणाल्या नाहीत, नको असंही म्हणाल्या नाहीत. बाजूला झाल्या.

खोली तीच होती, एकदा कधीतरी पाहिलेली. खिडकीपाशी दादांची खुर्ची, शेजारी स्टूल, स्टुलावर त्यांचं चष्म्याचं घर. मी बसले नाही. म्हटलं, "काकू, दादा कुठे आहेत? दोघांना एकत्रच सांगायचंय."

"दादाला जाऊन दीड वर्ष झालं," काकू म्हणाल्या.

माझ्या हातात पिशवी होती. ती जड होत गेली. मग मी सांगितलं, सगळं, जसं साहेबांना सांगितलं होतं तसं, पण आता शब्द सुचत नव्हते आणि मी काहीतरी भलतंच आधी आणि महत्त्वाचं नंतर असं बोलत होते. मी थांबल्यावर त्यांनी कागदासाठी हात पुढे केला.

त्या कागद घेऊन खिडकीपाशी गेल्या. रेषेवर बोट ठेवून डावीकडून निघाल्या, पहिला तास, दुसरा, तिसरा. चार तासांच्या खुणेवर बोट टेकलं. तिथून पुढे ते कागदाच्या टोकापर्यंत सरळ गेलं.

"हलला नाही," त्या म्हणाल्या.

"एक मायक्रॉनसुद्धा नाही."

"मला माहीत होतं ते. मी त्याला रोज सांगायचे. स्टँडचा दोष नाही रे, त्या दिवशी थांबलोच नव्हतो आपण. त्याला वाटायचं, बहीण आहे, समजूत घालतेय." त्यांनी चष्मा काढला आणि तसाच हातात धरला. "त्या चालकाला भेटायला गेला होता तो. काठी टेकत. माझ्या हातून झालं म्हणून माफी मागून आला. शेवटी शेवटी तर कुणी साधं स्टूल दुरुस्तीला आणलं तरी नको म्हणायचा. माझ्या हाताचा भरवसा नाही, म्हणायचा. माझं एक वेळ राहू दे गं. मी सही केली होती, मी भोगलं. पण त्याला दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं होतं. माझ्याखेरीज दुसऱ्या कुणीही."

मी "चुकले" असं काहीतरी म्हणाले असेन. ते किती तोकडं होतं ते मलाच ऐकू आलं.

काकूंनी पिशवीतून स्टँड काढला. रुमालाने तिन्ही खांब पुसले, उलटा करून बैठकीखालची तारीख पुसली. दादांचं चष्म्याचं घर उचलून स्टुलावर स्टँड ठेवला, आणि घर खुर्चीच्या बैठकीवर ठेवलं.

"तुला चार तास थांब म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "तू चार वर्षं थांबलीस."

मग त्यांनी दार उघडून धरलं, आणि मी बाहेर पडले.